रेघ आणि खुंटा

ऑस्ट्रेलियाचा राजकीय नकाशा काढायला फार सोपा आहे. किनारा तेवढा वळणावळणाचा. आत शिरले की राज्यांच्या हद्दी पट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ. १२९, १३८ आणि १४१ अंश पूर्व रेखांशांच्या उभ्या रेघा, २६ आणि २९ अंश दक्षिण अक्षांशांच्या आडव्या रेघा. आग्नेयेला मरे नदी आणि तिथून समुद्राकडे जाणारी थोडी तिरपी हद्द असे पूर्वेकडचे काही भाग सोडले, तर या नकाशात भूगोलाने फारसा हस्तक्षेप केलेला दिसत नाही.

या रेघा आखल्या गेल्या त्या बहुतांशी लंडनमध्ये. १८२५ साली न्यू साउथ वेल्सची पश्चिम हद्द १२९ रेखांशापर्यंत सरकवण्यात आली. १८३४ च्या कायद्याने साउथ ऑस्ट्रेलिया ही नवी वसाहत ठरली, तिची पूर्व हद्द १४१ रेखांश आणि उत्तर हद्द २६ अक्षांश. १८५९ मध्ये क्वीन्सलँड वेगळे झाले आणि तीन वर्षांनी त्याची पश्चिम हद्द १३८ रेखांशापर्यंत वाढवली गेली. हे आकडे ज्यांनी कागदावर उतरवले त्यांच्यापैकी कुणीही त्या रेघांखालची जमीन पाहिलेली नव्हती. पाहण्याची गरजही नव्हती; आकडा लिहिला की हद्द झाली.

गरज पडली ती पुढे. रेघेच्या कडेला मेंढपाळ येऊन बसले आणि आपली मेंढरे कोणत्या वसाहतीत चरतात, चराईचा पैसा कुणाच्या तिजोरीत भरायचा, हे प्रश्न निघाले. १९०१ मध्ये संघराज्य होईपर्यंत या वसाहती एकमेकींच्या मालावर जकातही घेत. १४१ अंश पूर्व हे उत्तर वकिलाला पुरते. मेंढपाळाला दगड, खांब किंवा खूण केलेले झाड लागते. म्हणून कुणीतरी उठून, चालत, त्या जागी जाऊन खुंटा ठोकणे भाग होते. कागदावरची रेघ आणि मातीतला खुंटा यांच्यात जे अंतर पडले, त्याचा हा इतिहास आहे. अंतर पडले हे नवल नाही. ते पडल्यावर माणसांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

घड्याळाचा प्रश्न

आधी हे अंतर का पडते ते पाहू. अक्षांश शोधणे तुलनेने सोपे. मध्यान्हीचा सूर्य किंवा एखादा ओळखीचा तारा क्षितिजापासून किती उंच आहे हे मोजले की आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत ते कळते. रेखांशाला मात्र असा आधार नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. तेव्हा रेखांश काढायचा तर आपल्या जागेची वेळ आणि त्याच क्षणी ग्रिनिचची, किंवा रेखांश माहीत असलेल्या दुसऱ्या एखाद्या जागेची वेळ, दोन्ही कळायला हव्यात. पहिली आकाश सांगते. दुसरी बरोबर आणलेल्या घड्याळाने सांगायची.

घड्याळ सेकंदभर चुकले तर काय होईल? मरे नदीच्या परिसरात एका सेकंदाची चूक जमिनीवर सुमारे ३८५ मीटर भरते. आणि हे घड्याळ बैलगाडीत किंवा घोड्याच्या पाठीवर हिसके खात, दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या गारठ्यात, कित्येक आठवडे प्रवास करून आलेले. चंद्राच्या स्थितीवरून वेळ काढण्याची दुसरी रीत होती, पण तिच्यात चुकीला आणखी वाव. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सर्वेक्षकाला रानात उभे राहून १४१ रेखांश अंदाजानेच सांगता येत होता. तो अंदाज किती चांगला, एवढाच प्रश्न.

एकशेएक्केचाळीस : भांडण

पहिला अंदाज १८३९ चा. चार्ल्स टायर्स या सर्वेक्षकाने समुद्रकाठी, ग्लेनेल्ग नदीच्या मुखाजवळ १४१ रेखांश कुठे येतो ते ठरवले. १८४७ मध्ये हेन्री वेडने किनाऱ्यापासून उत्तरेकडे रेघ मारायला सुरुवात केली. रेघ मारायची म्हणजे दिशा धरून चालायचे, झाडी तोडायची, वाटेतल्या झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करायच्या आणि साखळीने अंतर मोजत जायचे. सुमारे दोनशे किलोमीटर गेल्यावर वेड थांबला. पुढे ‘माली’चा प्रदेश होता. माली म्हणजे एकाच मुळातून अनेक खोडे फुटणाऱ्या बुटक्या निलगिरीचे दाट रान. खाली वाळू आणि पृष्ठभागावर पाणी जवळजवळ नाही. उरलेले काम एडवर्ड व्हाइटने हाती घेतले आणि १८५० च्या अखेरीस रेघ मरे नदीला नेऊन भिडवली. पाण्यावाचून माणसे आणि जनावरे मेटाकुटीला आली, तरी रेघ तुटली नाही. दोन्ही वसाहतींनी ती हद्द म्हणून मान्य केली.

अठरा वर्षांनी चार्ल्स टॉड मरेच्या काठी आला. पुढे १८७२ मध्ये खंडाच्या आरपार तारायंत्राची तार टाकून नाव मिळवणारा हाच टॉड. त्याला साउथ ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्स यांच्यामधली, मरेच्या उत्तरेकडची हद्द सुरू करायची होती. त्याच्या हाती आता तार होती. दूरच्या वेधशाळेतली वेळ घड्याळात भरून वाहून आणायची गरज नव्हती. ती तारेवरून क्षणात येत होती. या नव्या रीतीने १४१ रेखांश काढला आणि व्हाइटची रेघ त्याच्या सुमारे साडेतीन किलोमीटर पश्चिमेला असल्याचे निघाले. वेळेच्या हिशेबात ही चूक नऊ-साडेनऊ सेकंदांची. जमिनीच्या हिशेबात किनाऱ्यापासून मरेपर्यंतचा लांबच लांब पट्टा, क्षेत्रफळ तेराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हा पट्टा साउथ ऑस्ट्रेलियाचा. झाडांवरच्या खुणांप्रमाणे व्हिक्टोरियाचा.

मरेच्या उत्तरेची हद्द टॉडच्या बिंदूपासून निघाली, दक्षिणेची व्हाइटच्या रेघेवरच राहिली. त्यामुळे आजही नकाशा मोठा करून पाहिला, तर मरेपाशी या दोन रेघा एकमेकींना मिळत नाहीत. मध्ये नदीच्या कडेने एक छोटी पायरी पडलेली आहे. साउथ ऑस्ट्रेलिया, व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांची तिकटी, मॅककेब कॉर्नर, या पायरीच्या टोकाशी येते.

भांडण चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले. १९११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात साउथ ऑस्ट्रेलिया हरले आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. लोकमान्य टिळकांच्या ताईमहाराज प्रकरणाचा शेवटचा निकाल १९१५ साली जिथे लागला, तीच ही प्रिव्ही कौन्सिल. त्याच्या आदल्या वर्षी, १९१४ मध्ये, तिने या हद्दीचा निकाल व्हिक्टोरियाच्या बाजूने दिला. निकालामागचा विचार सरळ होता. कायद्याने १४१ रेखांश ही हद्द सांगितली, तेव्हा ती जमिनीवर कुणीतरी आखावी लागेल हेही त्यात गृहीत होते. त्या काळच्या साधनांनी, प्रामाणिकपणे, दोन्ही सरकारांच्या संमतीने ती आखली गेली. आखली गेली तीच हद्द. पुढे चांगले घड्याळ मिळाले म्हणून ती बदलत नाही.

मराठी वाचकाला या निकालाचे फारसे आश्चर्य वाटू नये. आपल्याकडे गावाची शीव कधीच आकड्यात नव्हती. ती ओढ्यात, बांधात, दगडात, जुन्या झाडात आणि ते ओळखणाऱ्या माणसांच्या स्मरणात असे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत शिवेचे तंटे तुटताना जाणत्याने शीव प्रत्यक्ष चालून दाखवल्याचे आणि प्रसंगी त्यासाठी दिव्य केल्याचे दाखले आहेत. तिथे माणसाचे पाऊल आधी पडे आणि कागद मागून होई. ऑस्ट्रेलियात क्रम उलटा होता. तरीही शेवटी न्यायालयाला चालून गेलेल्या माणसाचेच ऐकावे लागले.

एकशेअडतीस : दुरुस्ती

दुसरी गोष्ट उत्तरेकडची, माणसांची वस्ती विरळ होत होत संपते तिथली. क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांच्या हद्दीला काटकोनातला एक खळगा आहे. त्याच्या ईशान्य टोकाला, २६ अक्षांश आणि १४१ रेखांश जिथे छेदतात, तिथे हॅडन कॉर्नर. दक्षिणेला, २९ अक्षांशावर, जॉन कॅमेरॉनने १८८० मध्ये खूण केलेला कॅमेरॉन कॉर्नर. आणि पश्चिमेला, २६ अक्षांश व १३८ रेखांशावर, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांची तिकटी. ती ज्याने शोधली त्या ऑगस्टस पोपेलचे नाव तिला मिळाले.

हॅडनपासून या तिकटीपर्यंत अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, आणि शेवटचा टप्पा सिम्पसन वाळवंटाचा. या वाळवंटात हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या एकमेकींना समांतर, वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेल्या आहेत. उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला दोन टेकड्यांमधल्या सपाटीवरून चालता येते. पोपेलला पश्चिमेकडे जायचे होते. म्हणजे प्रत्येक टेकडी चढायची, उतरायची आणि साखळी मात्र प्रत्येक वेळी आडवीच धरायची, कारण नकाशाला चढ-उतार मंजूर नसतात.

या कामात उंट होते. ऑस्ट्रेलियात उंट आणले गेले ते मुख्यतः हिंदुस्थानच्या वायव्य भागातून. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी आणि १८६६ मध्ये टॉमस एल्डर या जमीनदारासाठी उंटांचे तांडे कराची बंदरातून जहाजावर चढले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. उंटांबरोबर त्यांना हाकणारी माणसेही गेली: बलुच, पठाण, सिंधी, पंजाबी. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातली मोजणी, तारा आणि मालवाहतूक पुढची कित्येक दशके या उंटांच्या पाठीवर झाली.

१८८० मध्ये पोपेल तिकटीच्या जागी पोचला, तेव्हा ती एका मिठाच्या सरोवरात आली. कोरड्या, पांढऱ्या, माणसाचे वजन जेमतेम पेलणाऱ्या पृष्ठभागावर खूण कशाची करायची? जवळपास खांबाजोगे झाड नव्हते. मुलिगन नदीकाठच्या कुलिबा झाडाचा खांब तासून, उंटांकडून सुमारे नव्वद किलोमीटर ओढत आणून त्याने तिथे रोवला.

पुढे तपासणीत निघाले की त्याची साखळी वापरून वापरून इंचभर लांबली होती. इंच म्हणजे काहीच नाही. पण तीच साखळी शेकडो किलोमीटर पुन्हा पुन्हा अंथरली की प्रत्येक वेळचा तो थोडासा फरक साठत जातो. मापात कमी भरलेले अंतर प्रत्यक्षात जास्त चालले गेले होते आणि खांब जिथे हवा त्याच्या सुमारे तीनशे मीटर पश्चिमेला पडला होता. लॅरी वेल्स या सर्वेक्षकाने १८८४ च्या सुमारास तो उचलून सरोवराच्या पूर्वेकडच्या काठावर आणला. डोळ्यांच्या आजाराने पोपेलला काम सोडावे लागले. वेल्स आणि त्याच्या सोबत्यांनी १३८ रेखांशाची रेघ तशीच उत्तरेला नेत १८८६ मध्ये कार्पेंटारियाच्या आखाताला पोचवली.

मालीतली साडेतीन किलोमीटरांची चूक साठ वर्षांत सुधारता आली नाही आणि वाळवंटातली तीनशे मीटरांची चूक तीन-चार वर्षांत सुधारली, हे कसे? वेल्सची मोजणी अधिक अचूक होती, एवढे कारण पुरत नाही. टॉडचीही अचूकच होती. फरक असा की व्हाइटच्या रेघेच्या कडेला तोवर कुंपणे उभी राहिली होती, पट्टे लिहून दिले गेले होते, चराईचा पैसा व्हिक्टोरियाच्या खजिन्यात जमा झाला होता. पोपेलच्या खांबाभोवती सरकारी वहीत नोंद झालेले कुणीच नव्हते. चूक जमिनीवर किती मोठी, यापेक्षा तिच्यावर किती जणांचा संसार उभा राहिला, यावर ती सुधारणे अवलंबून असते.

एकशेएकोणतीस : करार

तिसरी हद्द वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची. १२९ रेखांश १८२५ पासून कायद्यात होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर कुणाला काही ठरवायचे नव्हते. विसाव्या शतकात रेल्वे आणि गुरांचे मोठे कळप त्या रेघेपाशी आले, तेव्हा निकड निर्माण झाली. १९२० च्या दशकाच्या आरंभी साउथ ऑस्ट्रेलियाचे सरकारी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज डॉडवेल आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे कर्लुइस यांनी दोन जागी रेखांश ठरवला. एक जागा दक्षिणेला, खंड ओलांडणाऱ्या रेल्वेमार्गावरचे डीकिन. दुसरी उत्तरेला, किंबर्ली प्रदेशातल्या आर्गाइल डाउन्सच्या परिसरात. वेळ आता तारेनेही येत नव्हती. दूरदेशीच्या बिनतारी केंद्रांचे संकेत थेट रानात ऐकू येत होते.

पण खगोलशास्त्रज्ञांपेक्षा शहाणपण दाखवले ते सरकारांनी. मालीतले भांडण ताजे होते. १९२२ मध्ये केंद्र आणि दोन्ही राज्ये यांनी लेखी मान्य केले की या दोन खुणांवरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेघा हीच हद्द. उद्या कुणी अधिक अचूक रेखांश काढला तरी ती हलायची नाही. चूक असणारच हे आधी कबूल करून तिला आधीच माफी देऊन ठेवली.

ती चूक दिसली चार दशकांनी. दक्षिणेच्या खुणेवरून वर आलेली रेघ आणि उत्तरेच्या खुणेवरून खाली आलेली रेघ २६ अक्षांशावर भेटायला हव्या होत्या. १९६० च्या दशकात मोजणीदार तिथे पोचले, तेव्हा त्यांच्यात १२७ मीटरांचे अंतर निघाले. वेळेच्या हिशेबात सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. कुणी न्यायालयात गेले नाही. १९६८ मध्ये तिथे खुणा पक्क्या करण्यात आल्या आणि जागेला ‘सर्व्हेयर जनरल्स कॉर्नर’ असे नाव मिळाले. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द तिथे १२७ मीटर आडवी चालते आणि मग पुन्हा उत्तरेला वळते.

आधीच्या वाटा

इथपर्यंतची हकिकत सरकारी कागदांची आहे. त्यात पोपेलचा खांब ‘निर्जन’ वाळवंटात उभा आहे. तो निर्जन नव्हता. १८८६ मध्ये डेव्हिड लिंडसे सिम्पसन वाळवंटातून पूर्वेकडे क्वीन्सलँडच्या हद्दीपर्यंत जाऊन आला, तो कुठल्याही रेखांशाच्या आधाराने नव्हे. वाटाड्या तिथला होता, आणि वाट एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर जात होती. वांगकांगुरु लोकांनी वाळूखालच्या चिकणमातीत खणलेल्या या अरुंद, खोल विहिरींना ‘मिकिरी’ म्हणतात. बाहेरून येणाऱ्याला शेजारून जातानाही त्या दिसत नसत. त्यांच्याभोवती गावांसारखी वस्ती होती, ठरलेले येणे-जाणे होते, कोणत्या विहिरीवर कुणाचा हक्क याचे नियम होते. म्हणजे शिवा होत्या. त्या सरळ नव्हत्या एवढेच.

१९०० च्या आसपास शेवटचे वांगकांगुरु वाळवंटातून बाहेरच्या गुरचराई ठाण्यांकडे निघून गेले. भाषाशास्त्रज्ञ लुईज हर्कस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या वंशजांकडून ही भाषा आणि तिच्यातली स्थळनामे टिपून घेतली. लिंडसेने पाहिलेल्या नऊ विहिरींवर त्यांनी पीटर क्लार्क यांच्यासह १९८६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पोपेलची रेघ या विहिरींच्या मुलखातून गेली आणि त्यांतल्या एकीचीही नोंद तिच्यामुळे झाली नाही. नव्वद किलोमीटरांवरून खांब ओढून आणणाऱ्या तुकडीला शिवार रिकामे वाटले, कारण ती रेघेवरून चालत होती. पाण्यावरून चालणाऱ्याला ते भरलेले दिसले असते.

१९३६ मध्ये टेड कोल्सनने पश्चिमेकडून निघून सिम्पसन ओलांडले आणि बर्ड्सव्हिल गाठले, तेव्हाही त्याच्या सोबत पीटर एन्स हा आदिवासी सहकारी होता. वाळवंट ओलांडणारा पहिला युरोपीय म्हणून कोल्सनचे नाव पुस्तकांत आहे. एन्सचे नाव आले तर पुढच्या ओळीत येते. १९६२ मध्ये भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग कुटुंबासह मोटारीने तिथे पोचले. पोपेलचा जीर्ण खांब त्यांना सापडला आणि तो जतन करण्यासाठी ॲडलेडला नेण्यात आला. १९७३ मध्ये वॉरेन बॉनिथन आणि चार्ल्स मॅक्कबिन यांनी पाण्याची गाडी स्वतः ओढत हे वाळवंट पायी पार केले.

आज या तिकट्या गाठण्याचा छंद असलेली माणसे आहेत. कॅमेरॉन कॉर्नरला रस्ता आहे. उन्हाळ्यात तीन राज्यांची घड्याळे वेगवेगळी चालतात, त्यामुळे तिथे एका रात्री तीनदा नववर्ष साजरे करता येते. पोपेल कॉर्नरला दणकट गाडी, पाण्याचा साठा आणि परवाना लागतो. साउथ ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा तो प्रदेश २०२१ पासून ‘मुंगा-थिरी’ राष्ट्रीय उद्यान आहे. हे नाव वांगकांगुरु भाषेतले. अर्थ, वाळूच्या मोठ्या टेकड्यांचा मुलूख. कडक उन्हाळ्यात उद्यान बंद असते. सर्व्हेयर जनरल्स कॉर्नर तर आदिवासींच्या मालकीच्या जमिनींवर येतो. साउथ ऑस्ट्रेलियाच्या बाजूने १९८१ च्या पितजंतजतजारा जमीनहक्क कायद्याने ती मालकी पक्की झाली. तिथे जायचे तर आधी त्या लोकांची परवानगी घ्यावी लागते.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी रेघ मारायला निघालेल्यांना ही परवानगी कुणी मागायला सांगितली नव्हती. लंडनच्या कागदात ती जागा रिकामी होती. तीन उभ्या रेघांवर तीन चुका झाल्या: एक भांडणाने टिकली, एक दुरुस्तीने मिटली, एक कराराने माफ झाली. चौथी चूक रिकाम्या म्हटलेल्या जागेची. तिला घड्याळ किंवा साखळी जबाबदार नव्हती. तिची दुरुस्ती सर्वांत उशिरा सुरू झाली, आणि एका तिकटीपुरती तरी ती अशी दिसते की रेघेच्या खुणेपाशी पोचण्याआधी वाटसरूला जमिनीच्या मालकाचे दार ठोठवावे लागते.